माझ्या मुलीचे कोट्यवधी

बास्केटबॉल हा अंगाला अंग न लावता खेळायचा खेळ आहे, असं म्हणतात. ज्यांनी हे लिहून ठेवलं त्यांनी मुलींचा सामना पाहिला नसावा. लेकीचा ओठ पहिल्यांदा फाटला तेव्हा ती बारा वर्षांची होती. आम्स्टरडॅममधल्या एका शाळेच्या जिममध्ये समोरच्या संघातल्या मुलीचं कोपर तिच्या तोंडावर बसलं आणि पांढऱ्या जर्सीवर रक्ताचा ओघळ आला. त्या कोपराची आई माझ्याच शेजारी बसून सफरचंद खात होती. घास संपवून ती शांतपणे म्हणाली, की हे धरूनच चालायचं. डच लोकांचं हे सगळ्यात मोठं तत्त्वज्ञान आहे आणि ते नेहमी दुसऱ्याच्या जखमेबद्दल असतं.

तेव्हापासून लेकीचं शरीर म्हणजे माझ्या दृष्टीने दुरुस्त्यांचा इतिहास आहे. उजव्या भुवईत टाके, डाव्या हाताची करंगळी कायमची वाकडी, गुडघ्यावर मलमपट्टीची चिकट खूण. मी स्लोटरडाइकला एका विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासते. दिवसभर अनोळखी लोकांची मोडलेली हाडं वाचून घरी यायचं आणि बुइटनव्हेल्डर्टच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओळखीच्या हाडांना बर्फ लावायचा, असं बरीच वर्षं चाललं. मग ती सहा फुटांवर गेली, आणि अमेरिकेतल्या एका कॉलेजने तिची फी माफ करून तिला खेळायला बोलावलं. आता आम्ही तिला पडताना लॅपटॉपवर बघतो.

एका सामन्यात तर तिचे दात खालच्या ओठातून आरपार गेले. ती हात-पाय टेकून रांगत असल्यासारखी थांबली, तोंडातून रक्ताची तार खाली लोंबत होती. दोन माणसं फडकी घेऊन धावली. तिच्याकडे नव्हे, लाकडी जमीन पुसायला. आणि तेवढ्यात जाहिरात लागली. तिच्याच वयाची, तिच्याच खेळातली, दुसऱ्या एका कॉलेजची सुप्रसिद्ध मुलगी हातात शाम्पूची बाटली घेऊन हसत होती. तिचे सगळे दात जागच्या जागी होते.

सगळा गैरसमज या जाहिरातीतून सुरू झाला असं माझं मत आहे. अलीकडे अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातींतून पैसे मिळवायची मुभा मिळाली आहे. मूठभर मुलींचे चेहरे खरोखरच रस्त्यावरच्या फलकांवर गेले आणि त्यांच्या कमाईच्या बातम्या जगभर झाल्या. उरलेल्या मुलींना काय मिळतं याची बातमी होत नाही, कारण ती बातमी नाहीच. लेकीच्या खोलीत राहणारी मुलगी कॉलेजच्याच गावची. तिने गावातल्या टायरच्या दुकानाची जाहिरात केली आणि मोबदला म्हणून तिला चार टायर मिळाले. तिच्याकडे गाडी नाही. टायर पलंगाखाली आहेत. संघातली दुसरी एक जण प्रोटीनच्या वड्यांची खोकी मिळवते, आणि त्या वड्या इतक्या वाईट आहेत की सगळा संघ मिळून तिला मदत करतो.

माझ्या मुलीला टायरही नाहीत. ती डच पासपोर्टवर, विद्यार्थ्याच्या व्हिसावर तिथे राहते. त्या व्हिसावर कॉलेजबाहेर काम करून कमवायला परवानगी नाही, आणि जाहिरात करणं हे काम. कॉलेजात या नियमांसाठी एक बाई नेमलेल्या आहेत. लेक पोचली त्याच दिवशी त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं, की फोटोच्या बदल्यात कोणी मोजे दिले तरी आधी मला विचार, नाहीतर तुला घरी जावं लागेल. लेक इतकी घाबरली की वाढदिवसाला मी पाठवलेल्या मोज्यांबद्दलही तिने बाईंना विचारलं.

हे सगळं इतकं सोपं आहे. तरीही कोणाला पटवता आलं नाही.

झालं असं, की कुठल्यातरी बातम्यांच्या वेबसाइटवर तिचा फोटो आला. बूट मोठ्या कंपनीचे, जर्सीवर त्याच कंपनीचं चिन्ह. तो करार कॉलेजचा, पैसे कॉलेजचे; लेकीच्या वाट्याला बूट घालण्याचा मान. पण मथळा होता, मराठमोळ्या कन्येची अमेरिकेत कोटींची भरारी. खालच्या मजकुरात त्या शाम्पूवाल्या मुलीची कमाई दिली होती, आणि मध्ये एकच वाक्य होतं, की आपली कन्याही याच वाटेवर आहे. वाट कोणी वाचत नाही, आकडा वाचतात.

लोक आमच्याशी हळुवार वागू लागले. नवरा जुनी, गंजकी सायकल वापरतो. तिला आधी चिक्कूपणा म्हणत, आता साधी राहणी म्हणू लागले. मी किराणा दुकानात सवलतीचं चीज उचललं तर ओळखीची एखादी बाई कौतुकाने मान हलवायची. मी नाही म्हणून सांगत राहिले. पण आपल्याकडे ज्याच्याजवळ पैसा नाही तो नाही म्हणतो आणि ज्याच्याजवळ आहे तो जास्त ठामपणे नाही म्हणतो. मी फारच ठाम होते.

सगळ्यात पक्का विश्वास बसला तो माझ्या दिराचा. तो आइंडहोव्हनला चिप बनवायच्या यंत्रांवर काम करतो. एका केसाच्या कितव्यातरी भागाची चूक त्याच्या कामात चालत नाही, आणि स्वतःच्या पुतणीबद्दल त्याने वेबसाइटवरचा मथळा जसाच्या तसा उचलला. त्याला घर घ्यायचं होतं. इथे घराची मागितलेली किंमत ही फक्त सुरुवात असते. इच्छुक लोक बंद पाकिटातल्यासारखी आपापली बोली लावतात आणि सगळ्यात वरची बोली कोणाची होती हे हरल्यावर कळतं. दीर हरतच होता. प्रत्येक वेळी जाऊ पडद्यांची मापं काढून यायची आणि प्रत्येक वेळी घर दुसऱ्याचं व्हायचं. एका रविवारी आमच्याकडे जेवताना त्याने नवऱ्याला हातभार लावायला सांगितलं. नवऱ्याने सांगितलं, आमच्याकडे जे होतं ते मुलीच्या विमानांत आणि दातांत गेलं.

"दादा, माझ्याशी तरी खरं बोल," दीर म्हणाला. "बाहेरच्यांना काय सांगायचं ते सांग."

"खरंच बोलतोय."

"मग अख्खं जग खोटं बोलतंय?"

"अख्ख्या जगाचं माहीत नाही. ती वेबसाइट बोलतेय."

दीर उठला, हात धुवायला निघाल्यासारखा गेला आणि संडासाच्या दारावर त्याने मूठ मारली. डच घरांतली आतली दारं म्हणजे दोन पातळ फळ्या आणि मध्ये पुठ्ठ्याची जाळी. मूठ सरळ पलीकडे गेली. ओढून काढताना मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलली, पुठ्ठ्याचे तुकडे रक्ताला चिकटले. जाऊ ओरडलीही नाही. तिने टेबलावरचा कागदी नॅपकिन त्याच्यापुढे धरला, सवय असल्यासारखा. मला तेव्हा दाराचंच वाईट वाटलं. जावेच्या त्या हाताकडे जास्त लक्ष द्यायला हवं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लेक घरी आली तेव्हा दाराला अजून भोक होतं. तिने त्यातून डोकावून पाहिलं, कोणाचं काम आहे विचारलं, आणि उत्तर ऐकून डचमध्ये म्हणाली, की काकांचा फॉलो-थ्रू चांगला आहे, हात शेवटपर्यंत जातो.

मग सत्कार आला. आमच्या भागातल्या मराठी मंडळींचं जे मंडळ आहे त्याच्या अध्यक्षांना सत्कारांचं व्यसन आहे. कोणी पीएचडी झाला, कोणी मॅरेथॉन धावला, कोणाला डच नागरिकत्व मिळालं, की शाल निघते. मुलीला जायचं नव्हतं. नवरा म्हणाला, नाही म्हटलं तर लोक म्हणतील पैशाने डोकं फिरलं. शेवटी तिने एक अट घातली, की पैशांबद्दल कोणी एक शब्द बोलायचा नाही, कारण तसलं काही कॉलेजपर्यंत गेलं तर चौकशी होईल आणि तिचं परत जाणं अडेल. नवऱ्याने अध्यक्षांना फोनवर हे समजावून सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "अहो, आम्ही काय लहान आहोत का?"

कार्यक्रम एका क्रीडासभागृहात होता. खुर्च्यांखाली जमिनीवर बास्केटबॉलच्या रेषा होत्या आणि स्टेज नेमकं बास्केटखाली मांडलेलं. सभागृहात ज्योत लावायला बंदी असल्यामुळे समई बॅटरीची होती. प्रमुख पाहुण्यांनी गंभीर चेहऱ्याने तिचं बटण दाबलं आणि टाळ्या झाल्या. अध्यक्ष फेटा बांधून होते. शाल घालताना त्यांचे हात लेकीच्या खांद्यापर्यंत पोचेनात, म्हणून ती गुडघ्यात वाकली. तिचा दुखरा गुडघा कटकन वाजलेला मला तिसऱ्या रांगेत ऐकू आला. एक उत्साही गृहस्थ फोन उंच धरून हे सगळं थेट प्रक्षेपित करत होते.

आमच्या समारंभांत एक रीत आहे. देणग्या स्टेजवरून जाहीर होतात, आणि पुष्कळदा देणाऱ्याला आपण दिल्याचं तेव्हाच कळतं. कोणी आप्त पुढे जाऊन अध्यक्षांच्या कानात सांगतो, अध्यक्ष नाव पुकारतात, टाळ्या पडतात. एकदा टाळ्या पडल्या की नाही म्हणायची कोणाची छाती होत नाही. मंडळाची बरीचशी सतरंजी-खुर्च्यांची खरेदी या रीतीने झाली आहे. त्या दिवशी दीर उठून पुढे गेला आणि अध्यक्षांच्या फेट्याखाली कुजबुजला. दादा जे कबूल करत नाही ते चारचौघांत कबूल करवायचं, एवढाच त्याचा हिशेब असावा.

अध्यक्षांचा चेहरा फुलला. त्यांनी जाहीर केलं, की आपल्या या गुणी कन्येने आपल्या जाहिरातींच्या घसघशीत कमाईतून मंडळाच्या वास्तुनिधीला भरघोस देणगी देण्याचं ठरवलं आहे. लोक उभे राहिले. फोन धरलेले गृहस्थ आणखी जवळ सरकले.

लेकीला मराठी सगळं कळतं. बोलताना मात्र ती डचमध्ये उत्तर देते. त्या दिवशी तिने अध्यक्षांच्या हातातून माईक काढून घेतला आणि मराठीत बोलली. हळूहळू, एकेक शब्द शोधत.

"मला कोणी पैसे देत नाही. एक युरो पण नाही. मी घेतले तर मला कॉलेजमधून घरी पाठवतील. हे खोटं आहे. प्लीज व्हिडिओ बंद करा."

शांतता झाली. अशी शांतता आपल्या सभांत फक्त जेवण संपल्याचं कळल्यावर होते. मग दीर ओरडला, "शिकवून आणलीय पोरीला," आणि नवऱ्याकडे वळला.

नवरा नुकताच उभा राहत होता. दिराने त्याची कॉलर धरली आणि डोकंच त्याच्या तोंडावर आपटलं. चष्म्याची काच फुटून त्याच्या गालात गेली. नवऱ्यानेही मारलं. माझा नवरा, जो कोळी कागदावर घेऊन बाल्कनीत सोडतो, त्याने सख्ख्या भावाच्या कानशिलावर मारलं, पोटात मारलं, आणि तोंडाने तो त्याला लहानपणीच्या नावाने हाका मारत होता. खुर्च्यांची रांग कोसळली. समई पडली आणि पडल्यावरही तेवत राहिली. अध्यक्ष माईकशिवाय "बंधूंनो, बंधूंनो" म्हणत होते, आणि त्या दोघांपुरतं ते अगदी बरोबर होतं. सोडवायला गेलेल्या एकाला दिराचं कोपर लागलं, तो नाक धरून खाली बसला. नवरा रेषेवर आडवा झाला. दीर मागे सरला, त्याने घडीची लोखंडी खुर्ची उचलली आणि डोक्यावर घेऊन धावत आला.

मध्ये लेक येऊन उभी राहिली.

खेळात हे त्यांना शिकवतात. धावत येणाऱ्याच्या वाटेत पाय रोवून उभं राहायचं, हात छातीशी घ्यायचे, हलायचं नाही, मारायचं तर नाहीच. येणारा येऊन आदळतो. मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे आणि दर वेळी डोळे मिटले आहेत. या वेळी मिटले नाहीत. खुर्चीची कड तिच्या कपाळाला घासून गेली, जुन्या टाक्यांच्या वर नवी चीर उघडली. दीर पूर्ण वेगाने तिच्या खांद्यावर आपटला, मागे उडाला, स्टेजच्या कडेवर पडला. ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. तो उठू लागला तेव्हा त्याचा डावा खांदा बाकीच्या शरीराबरोबर उठला नाही.

लेक हललीच नव्हती. भुवईतून रक्त डोळ्यात जात होतं. तिने शाल काढून जखमेवर दाबली आणि डचमध्ये मला म्हणाली, "आई, आता पोलीस येतील. त्यांनी माझ्यावर केस केली तर मी परत जाऊ शकणार नाही."

पोलीस आले, रुग्णवाहिका आली. अध्यक्षांना एकच काळजी होती, की नगरपालिका पुन्हा हॉल देईल का. त्यांनी त्या फोनवाल्या गृहस्थांना कोपऱ्यात घेऊन सगळं प्रक्षेपण पुसायला लावलं, देणगीच्या घोषणेसकट. ते प्रक्षेपण बघणारेही हॉलमध्येच बसलेले होते म्हणे. पण दिराच्या तोंडातलं पुसणं कोणाच्या हातात नव्हतं. मोडलेलं हाड, सहा फुटी खेळाडू, पोलिसांसमोर एक वाक्य, बस. मी असली वाक्यं पगार घेऊन वाचते. पुढच्या व्हिसाच्या अर्जात गुन्ह्यांबद्दल प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर 'घरगुती मामला' असं देता येत नाही.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात अजून लख्ख ऊन येत होतं. नवऱ्याच्या गालातली काच काढायचं काम पलीकडे चाललं होतं. जाऊ स्वतःच्या नवऱ्याजवळ न थांबता तिकडे त्याच्यापाशी बसली होती. लेकीला टाके घालून झाले. आम्ही दोघी पडद्याजवळ थांबलो. आत दीर खाटेवर, हात झोळीत, आणि त्याच्याजवळ एक तरुण पोलीस बाई. तिने त्याला सौम्य आवाजात विचारलं, की हे कोणी केलं, आणि तक्रार नोंदवायची आहे का. लेकीने भिंतीला डोकं टेकलं.

"कोणी नाही," दीर इंग्रजीत म्हणाला. "स्टेजवरून पडलो."

"लोक म्हणाले, मारामारी झाली."

"भावाभावांत थोडं बोलणं झालं. माझीच चूक होती. पुतणी सोडवायला आली. मी स्वतः पडलो."

पोलीस बाईने दोनदा वेगवेगळ्या शब्दांत तेच विचारलं. दोन्ही वेळा तो पडलाच. तिने नवऱ्याकडे जाऊन त्यालाही विचारलं असणार. तोही भावावर काही बोलला नाही. ती गेली. मी आत जाऊन दिराच्या खाटेशेजारच्या खुर्चीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस मला जवळचा वाटला. मला वाटलं, पोरीच्या डोळ्यात रक्त जाताना त्याने पाहिलं असेल. तिने मराठीत सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोचलं असेल.

"भावजी, तुमचे उपकार झाले," मी म्हणाले.

"उपकार कसले, वहिनी." वेदनाशामकाने त्याची जीभ जड झाली होती, पण स्वर समंजस होता. "पोरीवर केस झाली असती तर एकेक कंपनी पळाली असती. सगळ्यात आधी जाहिरातीच जातात. मी घरचा माणूस आहे, मला एवढं कळतं. आणि तिचं ते माईकवरचं पण कळलं मला. टॅक्सचं काहीतरी असणार, चारचौघांत कबूल करता येत नसेल. मीच घाई केली. घराचं आपण मग बघू, दादाचं डोकं शांत झालं की."

मी तोंड उघडलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला मी तयार होते. व्हिसा, मोजे, पलंगाखालचे टायर. त्याच्या गळपट्टीच्या हाडावरचा सुजलेला उंचवटा माझ्या अगदी हाताशी होता, आणि तिथे बोट दाबावं असं मला वाटलं हेही खरं आहे.

लेकीने मागून माझा दंड धरला आणि मला खुर्चीतून उचललं. उचललं म्हणजे अक्षरशः उचललं.

"थँक यू, काका," ती म्हणाली. "आराम करा."

दाराबाहेर पडेपर्यंत तिने पकड सोडली नाही. त्याच आठवड्यात ती परत गेली, सरावाला लागली, तरी तिच्या पाच बोटांचे निळे वळ माझ्या दंडावर होते.